मरेल ते आपलं

मैनाच्या तोंडाला लागायचं म्हणजे कुंभिवलीत भल्याभल्यांना घाम फुटतो, आणि हर्षद तर कालचं पोरगं. गावच्या पंधरा घरांच्या गटाकडून भात खरेदी करणाऱ्या कंपनीचा माणूस. ऐन श्रावणात बांधावर उभा राहून म्हणतो कसा, "मावशी, यंदा तुमच्या गावाचं भात कंपनी घेणार नाय."

"का रं? आमच्या भातानं तुझ्या कंपनीचं काय घोडं मारलं?"

कारण होता गजा, मैनाचा धाकटा दीर. गावच्या बाया हायवेवरच्या कारखान्यांत जायला लागल्या, भातातलं तण काढायला कुणी मिळेना, म्हणून त्यानं कुठूनसं फवारणीचं भात आणून लावलं. या भातावर तणनाशक मारलं की गवत जळतं आणि भात ढिम्म हलत नाही. पण कंपनीचं गिऱ्हाईक परदेशातलं. त्याला हे भातही नको आणि ते औषधही नको. एका पोत्यात सापडलं तरी अख्खा माल परत.

"मग भावजींचं नको घेऊ. बाकीच्या चौदा घरांनी काय पाप केलं?"

"गावात बी पालटतं, मावशी. कुणाचं कुणाकडं गेलं, कोण सांगणार?"

मैनाची नजर ओढ्याकडं वळली. यंदा तिचंच बी दोन पायल्या कमी पडलं होतं, आणि ते तिनं गजाकडून आणलं होतं. "घरचा कोलम हाय वैनी, आईशप्पथ," असं तो म्हणाला होता. ओढ्याकडचं खाचर सगळं त्याच बियाचं, आणि नेमकं तेच सगळ्यात तरारलेलं!

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण गप्प बसेल ती मैना कसली? तिनं हर्षदला खरं काय ते सांगून टाकलं आणि गजाला हाक मारली.

"भावजी, पंप आणा. औषध पण तुमचंच."

"उभ्या पिकावर? याड लागलंय का वैनी?"

"शप्पथ खरी हाय ना तुमची? मग भ्यायचं कशाला? मेलं तर ते आपलं. जगलं तर माझं सगळं शेत गुरांना सोडीन."

गजानं पंप आणला. मैनानं तो स्वतःच्या पाठीला लावला. आधी ओढ्याकडचं खाचर फवारलं, मग शेजारचं गजाचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग बाकीच्या तेरा घरांनीही आपापला एकेक कोपरा फवारला.

चार दिवस काहीच झालं नाही. भात आपलं हिरवंगार. मैनाला भाकर गोड लागेना. जन्मभर जिनं पीक जगावं म्हणून देवापुढं नारळ फोडले, ती आता ते मरावं म्हणून हात जोडत होती.

सहाव्या दिवशी शेंडे पिवळे पडले. दहाव्या दिवशी खाचराचा पेंढा झाला. मैना बांधावर बसून हसली आणि हसता हसता रडली, कारण त्यातलं रोप न् रोप तिनं वाकून लावलं होतं. शेजारी गजाचं भात मात्र मजेत डुलत होतं.

हर्षद आला, फोटो काढले, आणि म्हणाला, "कंपनीला लॅबचा कागद लागेल."

मैनानं मेलेल्या रोपांचा चूड मुळासकट उपटला आणि चिखलासकट त्याच्या हातात दिला. "हा घे कागद. लाव फायलीला. आणि बाकीची तेरा घरं फिरून बघ."

तो फिरला. तेराही कोपरे तसेच वाळलेले. मग लांब जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला.

"चौदा घरांचं घेतो," परत येऊन म्हणाला. "मळणी वेगळी करा. आणि गजाकाकांना गटातून काढा."

गजा खाली मान घालून उभा होता.

"का काढू?" मैना कडाडली. "त्याची शप्पथ खरी निघाली म्हणून? त्याचं भात तुला देणार नाय, ते आमच्या चुलीवर शिजेल. पण माणूस आमचा हाय. त्याला ठेवायचा का काढायचा, ते आमी बघू. तुझ्या कंपनीनं भात बघावं."

हर्षदनं वहीत गटाची पंधराही घरं लिहिली.

मग ती गजाकडं वळली. "आणि भावजी, तुमच्या त्या भातातला एक दाणा जरी बियाला ठेवलात, तर गाठ माझ्याशी हाय."

"नाय ठेवत, वैनी," गजा म्हणाला.