खिळा गेला, ओरखडा राहिला

सोमवारी दुपारी सव्वातीनला सोफ्याच्या कारागिराने एक खिळा गिळला.

तो एका जुन्या खुर्चीच्या चौकटीवर पट्टे ताणत होता. या कामात एका हातात पट्टा असतो, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे तोंडात. मूठभर बारीक खिळे गालात कोंबायचे, जिभेने एकेक वळवून ओठांवर आणायचा, चुंबकी हातोडीने टिपायचा आणि ठोकायचा. दुकानात हवेवर चालणारं पिनांचं यंत्र होतं. जुन्या लाकडाला ते सोसत नाही, असं त्याचं म्हणणं.

भागीदार शेजारी कापड कापत होता. "उस्ताद, सकाळची बाई काय म्हणाली ठाऊक आहे? सोफा असा करा, की पाहुणे फार वेळ बसणार नाहीत."

कारागिराने भुवया उडवल्या.

"म्हटलं, त्यात काय, खिळे उलटे ठोकतो!"

कारागिराला हसू फुटलं, मग ठसका लागला. बाकीचे खिळे त्याने तळहातावर थुंकले.

"गेला एक?"

"गेला."

"केळी आणू?"

"दोन आण."

दोघांनाही यात विशेष वाटलं नाही. याआधीही त्याने खिळे गिळले होते आणि ते आपल्या वाटेने निघून गेले होते. गालाच्या आत तर रोज काही ना काही कापायचं. रात्री झोंबायचं, सकाळी आठवायचंही नाही. तोंडातली जखम थुंकीनेच बरी होते, असं या धंद्यात सगळे मानतात आणि ते बरंचसं खरं आहे.

पण गेल्या वर्षी थोरल्या बहिणीने त्याला आपली एक किडनी दिली होती. शरीराने ती परकी समजून नासवू नये म्हणून तो रोज गोळ्या घेई. त्या गोळ्या शरीराची लढण्याची ताकदच दाबून ठेवतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पथ्य तो डोळ्यांत तेल घालून पाळायचा: गर्दीत मास्क, पाणी उकळून, कुंडीतल्या मातीला हात नाही. तोंडात खिळे धरू नका, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

गुरुवारी अंग कणकणलं. शुक्रवारी ताप चढला, पोटात उजवीकडे दुखू लागलं आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. एक्स-रेमध्ये खिळा दिसला नाही. तो केव्हाच बाहेर पडला होता. आतड्याबाहेर मात्र लिंबाएवढा पू साठला होता. रक्तातही जंतू सापडले.

"एवढ्याशा खिळ्याने?" बहिणीने विचारलं.

"खिळ्याने नुसता ओरखडा काढला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसे ओरखडे तुमच्या-माझ्याही आतड्याला पडतात. माशाचा काटा, हाडाची कपची. शेजारच्या पेशी काही तासांत पसरून भेग झाकतात. तेवढ्यात जे जंतू शिरतील ते पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"आणि ह्याला?"

"ह्यांच्या त्याच पेशी आम्ही थोपवून ठेवल्यात. तुमच्या किडनीसाठी."

"मग बंद करा की गोळ्या."

"एक केलीय. दुसरी बंद केली तर पेशी फक्त जंतूंवर जातील असं नाही."

बहीण म्हणाली, "ही किडनी गेली तर माझी दुसरी…"

"अहो, तुमच्याकडे आता एकच आहे."

ती आत गेली तेव्हा कारागीर जागा होता.

"माझ्या घरी मास्क लावून यायचास. पोरांना दारातूनच टाटा करायचास. आणि दुकानात गेलास की तोंडात मूठभर लोखंड!"

"ताई, खिळे स्वच्छ असायचे."

"कशाने धुवायचास?"

त्याने विचार केला. "थुंकीने."

बहीण हसली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शनिवारी नळी घालून पू काढला. रविवारी औषध बदललं. ताप हलला नाही. दुसरी गोळी बंद करायला त्याने साफ नकार दिला.

"किडनी तुझी आहे, ताई. मी नाही घालवणार."

"दिली म्हणजे दिली. उगाच माझ्या नावावर मरू नकोस."

"मरतो कुठे?"

"मग घाल ना गप मान खाली आणि ऐक."

सोमवारी सकाळी त्याने मान डोलावली. होकार की ग्लानी, हे बहिणीला ठरवता आलं नाही. तिने तो होकार धरला. दुसरी गोळीही बंद झाली. दुपारपर्यंत लघवी निम्म्यावर आली होती, म्हणजे किडनी मंदावली होती. ताप एकशे दोन होता. रक्ताचा नवा नमुना प्रयोगशाळेत गेला आहे, निकाल आलेला नाही.