दोन सूट

अकरमचे दात इतके वाजत होते की शंकररावांनी धरलेला चहाचा कप त्याच्या ओठांना लागेना. त्यांनी त्याच्या मानेमागे हात घातला आणि लहान पोराला पाजावेत तसे दोन घोट पाजले.

"खाली कपार दिसली, गुरुजी. तिथंच असंन पोरगं. पाय आखडले म्हनून फिरलो."

गुरुजींचा दहा वर्षांचा नातू ऋत्विक धरणात बुडाला, त्याला आज तिसरा दिवस. गळ टाकून झाले, होड्या फिरून झाल्या. आता उरला होता तो अकरम, अमडापूरच्या शाळेतला त्यांचा जुना विद्यार्थी, समुद्रावर राहून सिलिंडरशिवाय एका दमात खोल जायला शिकलेला. उद्या सकाळी कालव्याला पाणी सुटणार होतं. मग पोर कुठे जाईल, कुणी सांगावं? उजेड जेमतेम तासाभराचा उरला होता.

अकरमनं अंगावरचा पातळ रबरी सूट उतरवला आणि त्याच्या शेजारी दुसरा, जाड सूट पसरला.

"पातळ्यात तळ लागते, पन थंडी खाते. हा जाड उसना आनला. ऊब हाय, पन छातीले आवळते, दम पुरा भरतच नाही. अर्ध्यातूनच वर या लागते. कोनता घालू, सांगा."

"मले काऊन इचारून राह्यला बे?"

"हाव, पोहनं शिकवाले विहिरीत ढकलतानी तुमी कुठं इचारलं होतं मले!"

अकरम हसला. त्याचे ओठ निळे पडले होते.

शंकररावांनी पातळ सूट उचलला. मघाशी अकरम पाण्याखाली असताना त्याच्या कमरेचा दोर धरून ते आकडे मोजत होते. नव्वदला दोर सैल पडला होता, आणि त्याचं डोकं वर आलं ते एकशे चाळीसला. मधल्या पन्नास आकड्यांत त्यांना ऋत्विकची आठवण एकदाही झाली नव्हती.

त्यांनी तो सूट खाली ठेवला आणि जाड सूट अकरमपुढे धरला.

"गुरुजी, याच्यात तळ नाही लागनार."

"घाल."

अकरम त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाय आत घातला. गुरुजींनी पाठीवरचं रबर ओढून दिलं.

बांधावरून अविनाश अनवाणी धावत आला. ऋत्विकचा बाप.

"बाबा, लागंन ना तळ? याच्यात लागंन ना?"

"हाव," शंकरराव म्हणाले. "याच्यातच लागते."

अविनाशनं अकरमपुढे हात जोडले. अकरमनं त्याच्याकडे न बघता पाण्यात पाय टाकला.