एस्बेनचे कान

वासराच्या भाजलेल्या मांसाची ताटं उचलली गेली, टेबलावरचे कलंडलेले छोटे झेंडे कोणीतरी सरळ केले, आणि आता आपली पाळी आली हे एस्बेन थोरुपला कळलं. बर्लिन-लंडनमध्ये हजारो माणसांपुढे निवांत उभा राहिलेला हा गडी डेन्मार्कच्या साल्लिंग भागातल्या एका गावच्या सभागृहात, स्वतःच्याच पाच-पन्नास नातेवाइकांपुढे, रुमालाने घाम पुसत होता.

निमित्त त्याच्या लेकीच्या, थीराच्या कन्फर्मेशनचं. सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाईंनी, देवावरची श्रद्धा आता तू स्वतः कबूल करतेस का, असं विचारलं, तिने हो म्हटलं, आणि तेव्हापासून पांढऱ्या झग्यातली ती चौदा वर्षांची पोर एकेक गाणं सोसत बसली होती. आमच्याकडे अशा जेवणाला आलेला प्रत्येक काका आणि प्रत्येक आत्या ओळखीच्या चालीवर स्वतः रचलेलं गाणं घेऊन येते. कागद वाटले जातात आणि सगळ्यांनी ते बसून म्हणायचं असतं. यमकं अशी जुळवलेली की ऐकताना दात शिवशिवावेत. पण बापच संगीतकार म्हटल्यावर त्याने काहीतरी वेगळं आणायला हवं, हे थीराच्या आईने, टिनेने, फोनवर बजावलं होतं. टिने आणि एस्बेन वेगळे होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बजावण्याचा हक्क तिने सोडला नव्हता.

एस्बेनने आणलं होतं ते खरोखरच वेगळं होतं. अजून बाजारात न आलेलं गाणं.

त्याचा धंदा रीमिक्सचा. दुसऱ्याचं गाणं घ्यायचं, त्यातला गळा तेवढा ठेवायचा, बाकी सगळं पाडून नव्याने बांधायचं. सुरुवात बापाच्या डुकरांच्या शेडमागे झाली होती, एका जुन्या ड्रम मशीनवर. पंचविशीत त्याने एका इंग्रज गायिकेचं पडलेलं गाणं उचललं आणि त्या उन्हाळ्यात युरोपभरचे क्लब त्यावर नाचले. पुढे मोठमोठ्या नावांची गाणी आपल्या पायांनी त्याच्या दारात येऊ लागली. त्याची एक पद्धत मासिकांतून फार गाजली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचा आलेख दिसतो ना, त्यावर एस्बेन काम करताना टॉवेल टाकायचा. डोळ्यांनी संगीत करणारे ते कारकून, असं तो म्हणायचा. लोक म्हणायचे, डेन्मार्कात कान असावेत तर एस्बेनचे.

मग गाणी येईनाशी झाली. विशीतली पोरं झोपायच्या खोलीत बसून आठवड्यात काम उरकायला लागली. आणि त्याच सुमारास एस्बेनच्या मनात एक किडा शिरला. गेल्या उन्हाळ्यात शेजारीण म्हणाली, नाकतोडे काय किरकिर करतायत बघ, आणि एस्बेनने मान डोलावली. त्याला एकही नाकतोडा ऐकू आला नव्हता. डॉक्टरकडे गेलं तर नक्की कळेल, म्हणून तो गेला नाही. वय सत्तेचाळीस, सगळ्यांचंच थोडं जातं, असं स्वतःला समजावून त्याने कानाडोळा केला. टॉवेल मात्र तो आता आणखी नीट पसरायचा.

अशात कोपनहेगनच्या वीबेकेने, त्याची गाणी काढणाऱ्या कंपनीच्या मालकिणीने, कुठून कुठे फोन फिरवून एका स्वीडिश गायिकेचं गाणं त्याच्यासाठी मिळवलं. सध्या शाळकरी पोरं जिच्या नावाने वेडी आहेत, ती गायिका. एस्बेनने जीव ओतला. गायिकेचा गळा त्याने बापाच्या शेडमध्ये नेला. डुकरं केव्हाच विकलेली, नुसत्या सिमेंटच्या भिंती. तिथे तो मोठ्या स्पीकरवर वाजवायचा, समोर मायक्रोफोन ठेवायचा आणि भिंतींवरून परतणारा आवाज पुन्हा टिपायचा. बाई देवळात उभी राहून गातेय असं वाटायचं. येत्या शुक्रवारी गाणं सगळीकडे निघणार होतं. चाललं तर एस्बेन पुन्हा उभा राहणार होता, आणि पडलं तर त्याला पुन्हा कोणी विचारणार नव्हतं, हे वीबेकेने सांगितलं नसलं तरी त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने लॅपटॉप सभागृहाच्या स्पीकरला जोडला, दोन शब्द बोलायचे म्हणून बोलला आणि गाणं सुरू केलं.

नजर लेकीवर होती. गळा सुरू झाला तसं थीराचं तोंड आंबट झालं. शेजारच्या तिच्या मैत्रिणीने मान खांद्यात घातली. त्याच टेबलाच्या पलीकडच्या टोकाला टिनेच्या बहिणीची मुलगी ओडा बसली होती, तिने चक्क कानांत बोटं घातली. मग एकेक पोर खुर्ची सरकवून उठायला लागलं. ढोल येईपर्यंत मुलांचं टेबल रिकामं होतं. थीरा तेवढी बसून राहिली, बापाकडे बघून ओढूनताणून हसत, आणि शेवटी तीही झगा सावरत दाराकडे पळाली.

मोठी माणसं मात्र टाळ्यांनी ठेका धरून होती. एका आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपलं तेव्हा एस्बेनचा बाप, म्हातारा क्रेस्टेन, कॉफीचा कप खाली ठेवून म्हणाला, "वाईट नाही." याच्या वरची स्तुती साल्लिंगमध्ये नसते. पण एस्बेनच्या कानांत शिरलं नाही. ज्यांच्यासाठी गाणं केलं तीच पोरं उठून गेली, आणि ज्यांना आवडलं त्यांच्यातलं कोणी गेल्या वीस वर्षांत गाणं विकत घेतलेलं नव्हतं. संपलं म्हणजे असं संपतं, त्याच्या मनात आलं. शुक्रवारची वाट बघायचीही गरज नाही.

लॅपटॉप काखेत मारून तो बाहेर आला. सभागृहामागच्या खडीवर पोरं घोळका करून उभी होती. त्याला बघताच गप्प झाली. त्याने थीराला विचारलं, आवडलं नाही ना. ती म्हणाली, तसं नाही. मग कसं, असं त्याने विचारलं, आणि आवाज आपल्याला हवा होता त्यापेक्षा जरा चढाच लागला हे त्याचं त्यालाच जाणवलं.

"बाबा, ती शिट्टी," थीरा म्हणाली.

"कसली शिट्टी?"

"चेष्टा करतोयस ना?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि तिचा सूर बदलला. "ती बाई गायला लागली की लागते ती. शेवटपर्यंत. आजोबांच्या शेडमध्ये वाजते ना, तीच. तिच्यामुळे तर आम्ही कोणी तिथे खेळायला जात नाही."

"आम्हाला वाटलं, तू मुद्दाम आम्हाला बाहेर हाकललंस," ओडा म्हणाली. पोरं हसली. थीरा हसली नाही.

एस्बेन आत गेला तो थेट बापापाशी. शेडमध्ये काही वाजतं का, त्याने विचारलं. वाजत काहीच नाही, म्हातारा म्हणाला. यंत्र आहे एक. माळ्यावर ते मुंगसासारखं लांबुडकं चोरटं जनावर शिरून तारा कुरतडतं, त्याला पळवायचं. बारीक आवाज काढतं म्हणे, माणसाला ऐकू येत नाही.

"चालू असतं का ते?"

"बंद कशाला करू? त्रास तर कोणाला नाही."

बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याला ऐकू येत नव्हतं यात नवल नव्हतं. पण त्याच शेडमध्ये, त्या यंत्राखाली, डेन्मार्कातले सर्वांत नावाजलेले कान दिवसचे दिवस डोळे मिटून बसले होते. एस्बेन गाडीत जाऊन बसला. त्याने लॅपटॉप उघडला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आलेख समोर घेतला. गळा सुरू झाला तशी पार उजव्या टोकाला, जिथे सर्वांत वरचे सूर दिसतात तिथे, एक बारीक रेघ सुईसारखी उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. त्याने आवाज वाढवला, आणखी वाढवला. बाईचा श्वास कानात वादळासारखा घोंघावला. रेघ मात्र मुकी. कामावर शेवटचा हात फिरवणारा जो तंत्रज्ञ होता, तो साठी ओलांडलेला. वीबेके पंचावन्नची. म्हणजे हे गाणं म्हाताऱ्यांच्या हातांतून म्हाताऱ्यांच्या हातांत गेलं होतं, आणि शुक्रवारी ते पोरांच्या कानांत जाणार होतं.

सांगितलं नाही तर पोरं कानांत बोटं घालतील. सांगितलं तर धंद्यात बोभाटा होईल की एस्बेन थोरुपला ऐकू येत नाही. बहिऱ्याकडे गाणं कोण पाठवतं? तो बराच वेळ फोन हातात धरून बसला. थीरा येऊन गाडीच्या उघड्या दाराला टेकून उभी राहिली. आत तिची वाट बघतायत, आइस्क्रीम आलंय, असं म्हणाली, पण गेली नाही. एस्बेनने नंबर लावला.

रविवारी आमच्याकडे कामाचा फोन कोणी करत नाही. वीबेकेने फोन उचलला तोच, कोण गेलं, असं विचारत. कोणी गेलं नाही, एस्बेन म्हणाला, गाण्यात एक शिट्टी राहिलीय.

"अच्छा, ती!" वीबेके हसली. "ऑफिसातली नवी मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, कान फुटतायत म्हणून. मी झापलं तिला. म्हटलं, बाई, तो टॉवेल टाकून काम करतो. त्याने ठेवलीय तर ती ठेवायचीच असणार."

एस्बेनने लॅपटॉपवरच्या त्या रेघेकडे बघितलं. पलीकडे वीबेकेचं हसणं हळूहळू विरलं. मग ती जपून बोलू लागली. मुद्दाम ठेवली असेल तर उत्तमच, ती म्हणाली. मोठ्यांना ऐकू न येणारं गाणं, पोरांचं आपापसांतलं गुपित. पत्रकार उड्या मारतील. पुन्हा तुझ्याच कानांची चर्चा होईल.

"फक्त हो म्हण, एस्बेन. पुढचं मी बघते."

हो म्हणणं किती सोपं होतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. ही बाई त्याच्या बुडत्या धंद्याला हात देत होती आणि त्याने तो धरायचा होता, एवढंच. त्याची नजर थीराकडे गेली. ती झग्याच्या बाहीचा धागा उपसत होती. तिला वीबेकेचं बोलणं ऐकू येत होतं. तिला सगळंच ऐकू येत होतं.

"मी ठेवलेली नाही," एस्बेन म्हणाला. "मला ती ऐकूच येत नाही, वीबेके. आत्ताही नाही."

फोन बंद झाला की काय, या धास्तीने त्याने पडद्याकडे बघितलं. चालू होता.

"बरं," वीबेके शेवटी म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत काढून पाठव. फाइल बदलून घेते मी. आणि हे बघ, ज्याला ऐकू येतं असं कोणीतरी शेजारी बसव."

"आणि पुढचं गाणं?" हे विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी तोंडून गेलंच.

"बोलू आपण," ती म्हणाली.

बोलू आपण. एस्बेन स्वतः हे वाक्य आयुष्यात किती जणांना म्हणाला होता, उतरणीला लागलेल्या किती गायकांना, किती ढोलवाल्यांना. त्यांच्यापैकी कोणाशीही तो पुन्हा बोलला नव्हता.

थीरा वळसा घालून आली आणि शेजारच्या सीटवर बसली. काही न बोलता तिने हेडफोन मागितला. आत कोणाचं तरी नवं गाणं सुरू झालं होतं, शेवटच्या कडव्याला रीतीप्रमाणे खुर्च्यांवर चढून माणसं पाय आपटत होती. आज तिचा दिवस होता, तिने तिथे असायला हवं होतं. एस्बेन तिला आत जा म्हणाला. तिने हेडफोन कानांवर चढवला आणि म्हणाली, "लाव."

त्याने लावलं. मग वरचे सूर कापणारी दुसरी एक रेघ बोटाने हळूहळू डावीकडे ओढायला लागला. आलेखात सुई खचत होती, पण त्याचं लक्ष आलेखावर नव्हतं. तो लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होता. कपाळावरची आठी सैल झाली. आहे, ती म्हणाली. अजून आहे. थोडीशी. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, गेली.

"नक्की?"

"गेली, बाबा. आता छान आहे. खरंच छान आहे."

त्याच्या कानांतून काहीच गेलं नव्हतं. त्याने फाइल पाठवून दिली. तेवढ्याने थांबायला हवं होतं, पण मनातला किडा थांबू देईना. त्याने मागच्या वर्षी केलेलं एक गाणं शोधलं आणि तिला न सांगता लावलं. हे त्याने शेडमध्ये केलेलं नव्हतं. यात शिट्टी असणं शक्य नव्हतं.

"यात आहे का काही?"

थीराने थोडं ऐकलं आणि हेडफोन एका कानावरून सरकवला. "शिट्टी नाही. पण टोचतं."

"टोचतं म्हणजे?"

"म्हणजे, सगळंच. झांजा, गाणाऱ्या बाईचं ते स स. तू गेली दोन-तीन वर्षं जे काही केलंयस ना, ते सगळंच असं कानात टोचतं. म्हणून मी लावत नाही." तिने घाबरून त्याच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला तसंच आवडतं."

एस्बेनला वाटत आलं होतं की लेक मोठी झाली, तिला आता बापाचं संगीत जुनाट वाटतं. त्या दुःखाची त्याने सवयही करून घेतली होती. स्वतःला ऐकू यावं म्हणून तो वरचे सूर चढवत गेला होता, चढवतोय हे कळल्याशिवाय, आणि पोर कान दुखतात म्हणून दूर झाली होती. शुक्रवार, वीबेके, ते बोलू आपण, सगळं क्षणभर मागे पडलं.

आतून टिनेची हाक आली, थीरा कुठे आहे म्हणून. दोघांनाही ती ऐकू आली. कोणीच उठलं नाही.

त्याने लॅपटॉप उचलला आणि तिच्या पांढऱ्या झग्यावर, मांडीवर ठेवला. ती सूर कापणारी रेघ बोटाने कशी ओढायची ते दाखवलं.

"टोचणार नाही तिथपर्यंत ने," तो म्हणाला. "मी नुसता बघतो."