डबरावरची देवी

राहीबाई तशी कुणाला भिणारी बाई नव्हे, पण त्या ढिगाऱ्यानं तिची झोप उडवली होती. मोठा दुष्काळ सरला त्या साली वाईच्या वरल्या डोंगरात कालव्यासाठी बोगदा पडत होता, आणि आतनं निघालेलं डबर, मुरूम ठेकेदार खुशाल ओढ्याच्या तोंडाशी ओतत होता. ओढ्याखाली वाडी, आणि वाडीतलं पहिलं घर राहीबाईचं. पोरगा पलटणीत. तो कळवायचा, घर सोड, मामाकडं जाऊन राहा. हिचं उत्तर ठरलेलं: मालकानं बांधलेलं घर धोंड्याला भिऊन सोडायला मी काय खुळी हाय?

मग बोगद्याच्या कामावर नवा साहेब आला. वाईचाच मधुकर. आधी चांद्याकडं कोळशाच्या खाणीवर होता. तिथं असाच एक ढीग पावसात घरांवर आलेला त्यानं पाहिला होता. त्यामुळं तो ठेकेदाराशी भांडभांड भांडला आणि अख्खा ढीग उपसून पुन्हा रचायला लावला. तळाला मोठाले धोंडे, त्यांतनं पाणी निघायला मोरी, वर शेताला ताली घालतात तशा पायऱ्या, प्रत्येक थर दाबून घट्ट. त्यावर माती पसरून मारवेल गवताचे ठोंब लावले.

"मावशी, पाणी खालनं निघालं पाहिजे आणि वर मुळं धरली पाहिजेत," तो म्हणाला. "दोन पावसाळे जनावर फिरकू देऊ नका. एवढं सांभाळा."

राहीबाईनं पदर खोचला. पण सुगी सरली की जनावरं मोकाट सोडायची, ही वाडीची जुनी चाल. कोवळं गवत दिसलं की शेरडं तुटून पडायची, आणि सगळ्यांत पुढं केरबाची. केरबा तिचा धाकटा दीर, तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेला. तिनं शिव्या दिल्या, दगड मारले. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी तिनं डोकं लढवलं. मोरीच्या वरचा एक उभट धोंडा शेंदरानं माखला आणि वाडीभर सांगितलं, देवी सपनात आली, ह्या टेकाडावर कुणी चारू नका म्हणाली.

झालं! शेरडू सोडा, कोंबडीसुद्धा तिकडं फिरकेना. गवत गुडघ्याला लागलं. साहेब गालात हसला, राहीबाई मनातनं खूश.

पण केरबा पडला भाबडा भक्त. देवीपुढं बसायला जागा नाही म्हणून आषाढात त्यानं हौसेनं दगडमातीचा चौथरा बांधला. त्याखाली मोरीचं तोंड बुजलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मघा लागल्या आणि आभाळ फाटलं. राहीबाईनं सकाळी पाहिलं तर मोरीचं पाणी बंद, आणि खालच्या पायरीला पोट आलेलं. तिनं मधुकरला बोलावून घेतलं. तो बघताच म्हणाला, चौथरा आत्ताच्या आत्ता फोडा.

पण देवीच्या जागेवर पहार कोण घालणार? मजूरही वाडीतलेच. केरबानं कौल लावला. दगडाला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्या पावसात डावं पडलं. माणसं मागं सरली. मधुकरनं स्वतः पहार उचलली, तर केरबा आडवा झाला.

खरं बोलावं तर वाडीत तोंड दाखवायची सोय नाही, आणि शेरडं परत गवतावर. न बोलावं तर वाडीच उरत नाही. राहीबाईनं मधुकरच्या हातातली पहार ओढून घेतली.

"केरबा, सपन पडलंच न्हवतं. बोगद्यातला धोंडा हाय ह्यो. शेंदूर मी फासला, तुझ्या शेरडांपायी. पाप लागायचं ते मला लागू दे."

आणि तिनं घाव घातला. मग केरबानंही पहार घेतली. चौथरा फुटला तसा तांबड्या पाण्याचा लोंढा असा आला की राहीबाई गुडघ्यावर आपटली. संध्याकाळी पाणी नितळ झालं. पायरीचं पोट होतं तेवढंच राहिलं, वाढलं नाही.

आता शेरडं सुटणार, म्हणून ती दुसऱ्या दिवशी उजाडताच काठी घेऊन टेकाडाखाली बसली. केरबा आला, पण शेरडांविना. खांद्यावर तोच धोंडा, ताजा शेंदूर लावलेला. मोरीपासनं लांब, सगळ्यांत वरच्या पायरीवर त्यानं तो नीट बसवला.

"आरं, खोटी हाय म्हणून सांगितलं न्हवं?"

केरबानं हात जोडले. "वैनी, जलमात कवा चूक कबूल केली व्हती का तुमी? तिनं तुमच्या तोंडून खरं वदवून घेतलं. लय जागृत हाय."

राहीबाईनं बोलायला तोंड उघडलं, गवताकडं पाहिलं, आणि गपचूप काठी खाली ठेवली.