जळक्या तेलाचा भाव

कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं असिस्टंटचं काम करून ताई निवृत्त झाली, तेव्हा प्राध्यापकांनी वर्गणी काढून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने स्वयंपाकघरात लावलं आणि पुढचे चार महिने बहुतेक त्याच्याकडेच बघत काढले. लग्न केलेलं नव्हतं, घर स्वतःचं होतं, पेन्शन एका माणसाला पुरून उरत होती. तक्रारीला जागा नव्हती, आणि केली असती तरी ऐकायला घरात कोणी नव्हतं.

धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. शाळेच्या अकरा मुलांची ने-आण करणारी त्याची डिझेलची व्हॅन होती. पालकांकडून घ्यायचे पैसे शाळा सुरू होतानाच वर्षभरासाठी ठरलेले, आणि डिझेल मात्र दर आठवड्याला चढत होतं. एका रविवारी तो आला, अर्धा चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "ताई, व्हॅन विकतोय."

"घेणार कोण?"

"तीच तर गोम आहे. डिझेलची गाडी आज कोणी दारात उभी करून घेत नाही. सगळे बॅटरीवाल्या बघतायत."

"मग तूही बघ."

"बघतोच की. रोज बघतो. तिच्या किमतीत माझ्यासारख्या दोन व्हॅन येतील."

ताई म्हणाली, "तळणाच्या तेलावर चालेल ती."

"ताई, व्हॅन आहे ती. कढई नाही."

पण ताई थट्टा करत नव्हती. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रयोग असायचा: वापरलेल्या खाद्यतेलापासून डिझेलसारखं इंधन. नऊ वर्षं त्याची सगळी मांडामांड तिनेच केली होती. मुलं एक बीकरभर करायची, वहीत आकृती काढायची आणि विसरून जायची. बीकरच्या जागी पिंप ठेवलं तर रसायनाला काही फरक पडत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तेल मिळायलाही अडचण आली नाही. जवळच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज तीनशे माणसं जेवायची आणि मागच्या दाराशी जळक्या तेलाचं पिंप भरत राहायचं. ते उचलायला कँटीनवाला एका टेम्पोवाल्याला पैसे मोजायचा. ताईने विचारलं तेव्हा त्याला ती वेडी वाटली असावी, पण वेडाचा फायदा होत असेल तर तो कोण सोडतो? "न्या, न्या," तो म्हणाला. "रिकामे डबेसुद्धा न्या."

घराच्या मागच्या शेडमध्ये ताईने मांडणी केली. तेल गाळायचं, थोडं काढून त्यात आम्ल किती ते तपासायचं, त्या हिशेबाने कॉस्टिक सोडा मोजून मिथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, कोमट तेलात ओतायचं आणि ढवळत राहायचं. मग एक रात्र थांबायचं. सकाळी तळाला तपकिरी ग्लिसरीन बसलेलं असायचं आणि वर मधासारखं इंधन तरंगायचं. ते पाण्याने धुवायचं, तापवून पाणी उडवायचं, डब्यांत भरायचं. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, दार सताड उघडं. धाकटा एकदा सिगारेट ओढत आत आला, तर तिने त्याला ज्या शब्दांत बाहेर काढलं ते शब्द ताईला येतात हे त्याला पन्नाशीत कळलं.

पहिल्या दोन आठवड्यांत व्हॅनचा फिल्टर तुंबला. नव्या इंधनाने टाकीतला जुना गाळ सोडवला होता. फिल्टर बदलला आणि व्हॅन निमूटपणे चालू लागली. डिझेलच्या निम्म्याहून कमी खर्चात काम होत होतं. फक्त मागून तळणाचा वास यायचा. एका मुलाच्या आईने धाकट्याला गाठून विचारलं, "हा घरात पाऊल टाकल्या टाकल्या खायला मागतो. गाडीत तुम्ही तळता तरी काय?"

मंगळवारी आणि शुक्रवारी ताई इंधन करायची. प्रत्येक डब्यावर खडूने आकडा घालायची आणि वहीत त्या आकड्यापुढे तारीख, तेल, आम्ल, इंधन किती उतरलं असं लिहायची. धाकटा सामानाचे पैसे द्यायचा, ते ती घ्यायची. बाकीच्या वारी वाणसामान, कपडे, दाराशी कोणी आलं तर दोन शब्द. घड्याळ चालू आहे की बंद हे बघायला तिला सवड राहिली नाही.

गाजावाजा केला नाही तरी वास लपत नाही. दुसऱ्या व्हॅनवाल्यांनी चौकशी केली. ताई म्हणाली, माझ्याकडे एकच पिंप आहे आणि एकच भाऊ. मग ते परस्पर कँटीनच्या मागच्या दाराशी गेले. एके दिवशी ताई डबे घेऊन पोचली तर तिथे आधीच चौघे जण उभे, आणि कँटीनवाला पिंपाशेजारी सराफासारखा बसलेला.

"ताई, तेलाचं आता बघावं लागेल," तो म्हणाला.

"काय बघायचं? कालही जळकंच होतं."

"काल कचरा होता. आज माल आहे."

कँटीनसमोर रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता. पंपावरच्या दराच्या पाटीकडे बघून तो जळक्या तेलाचा भाव सांगायचा. आधी डिझेलच्या पाव, मग तिसरा हिस्सा, मग निम्मा.

"तुमच्या तेलाचा आणि त्या पाटीचा संबंध काय?" ताईने एकदा विचारलं.

"माझा काहीच नव्हता. तुम्हीच जोडून दिलात."

आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे हे तिला दिसत होतं. तिने पैसे दिले. धाकट्याला मात्र जुनाच खर्च सांगत राहिली आणि फरक पेन्शनमधून भरू लागली. खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग राहू दे की. आणि राहू दे म्हटल्यावर मंगळवार आणि शुक्रवार कुठे न्यायचे, हे तिला माहीत नव्हतं.

पुढे कँटीनवाल्याने तळायचं तेलही बदललं. तो म्हणाला, "नेहमीचं तेल परवडत नाही. कुठे कुठे म्हणे चांगलं खायचं तेलच इंधनात घालतायत. गाड्या जेवायला बसल्या तर माणसांच्या पानात काय पडणार? मी पाम तेल आणलं."

त्या तेलाचं इंधन जरा जड उतरलं. ताईने बरणी उजेडात धरून पाहिली आणि वहीत लिहिलं, 'थंडीत बघणे'. दिवस उबदार होते. पान उलटलं आणि ती नोंद मागे पडली.

थंडी सुरू झाली तेव्हा पंपावरची पाटी खाली येऊ लागली होती. का चढली होती हे कोणी सांगितलं नव्हतं, का उतरते आहे हेही कोणी सांगत नव्हतं. ताईचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. धाकट्याकडून रिकामे डबे परत येत नव्हते. एका सकाळी ती स्वतःच आणायला गेली. तो मुलांना सोडायला गेला होता. दार भावजयीने उघडलं.

"डबे ना? ते पाठवतो म्हणाले होते हे," भावजय म्हणाली. "तुम्ही बसा ना ताई, चहा टाकते."

"आधी डबे बघते," म्हणत ताई गॅरेजकडे वळली. भावजय मागून आली, पण तिने अडवलं नाही.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली सात डबे होते, एकतीसपासून सदतीसपर्यंत. सगळे भरलेले. ताईने एकाचं झाकण काढलं. आत मेणबत्तीसारखं पांढुरकं घट्ट काहीतरी होतं. डबा तिरका केला तरी ते हललं नाही.

"काय झालं ते सांग," ताई म्हणाली.

भावजयीने सांगितलं. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी पुलाच्या चढावर व्हॅन बंद पडली. मुलांची परीक्षा होती. फिल्टर मेणाने गच्च. धाकट्याने पदरचे पैसे घालून तीन टॅक्सी केल्या आणि मुलांना शाळेत पोचवलं. तेव्हापासून तो पंपावरच डिझेल भरतो. "मला म्हणाले, ताईला बोलू नकोस."

ताई एका डब्यावर बसून राहिली. अर्ध्या तासाने व्हॅन आली. धाकट्याने आधी ताडपत्रीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"चोवीस दिवस झाले."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय होणार होतं?"

"का गोठलं ते सांगितलं असतं. पाम तेल आहे. तेरा-चौदा अंशाखाली त्याचं मेण होतं. हे तर मला..." ती थांबली.

"तुला माहीत होतं?"

ताईने उघड्या डब्यावर झाकण परत लावलं.

"माहीत असून दिलंस? अकरा मुलं होती ताई गाडीत. मागून ट्रक येत होते." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. भावजय आत निघून गेली.

"लिहून ठेवलं होतं," ताई म्हणाली. "विसरले."

कॉलेजात कोणत्या बाटलीजवळ कोणती बाटली ठेवायची नाही हे एकतीस वर्षं ती दुसऱ्यांना बजावत आली होती. विसरले हा शब्द तिने तिथे कोणाकडून ऐकून घेतला नव्हता.

धाकट्याने किल्ली खिशात घातली, परत काढली. "तू पुन्हा त्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसशील, म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "डबे घेत राहिलो. म्हटलं उन्हाळ्यापर्यंत साठवू."

म्हणजे गेले चोवीस दिवस तो पंपावरही पैसे देत होता आणि तिलाही. आणि ती कँटीनवाल्याला. तेलाचा वाढलेला भाव आपण सोसत होतो हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. आज तो हिशेब काढला असता तर पुलाच्या चढाची भरपाई केल्यासारखं झालं असतं.

"टाकी धुऊन घे," एवढंच बोलून ती घरी आली.

तीन आठवडे शेड बंद राहिली. धाकटा दोनदा डोकावून गेला, दोघांनी इकडचं तिकडचं बोलून वेळ मारून नेली. चौथ्या आठवड्यात कँटीनवाल्याचा फोन आला.

"ताई, आहात कुठे? पिंप भरून वाहतंय. न्या की."

"बाकीचे व्हॅनवाले?"

"डिझेल उतरलं, कुत्रंही फिरकत नाही. तुम्हाला फुकट."

"पूर्वी नेणाऱ्याला तुम्ही पैसे द्यायचात."

पलीकडे बराच वेळ भांडी वाजत राहिली. "काय ताई," तो शेवटी म्हणाला, "सोनाराने कान टोचावेत तसे टोचता."

पण ताईने पैसे मागितले नाहीत. तिने वर्षभराचा एकच भाव मागितला, फुकट नाही आणि निम्माही नाही, पाटी वर जावो की खाली. कँटीनवाल्याने दोन दिवस घेतले आणि कबूल झाला. त्याला पिंप रिकामं व्हायला हवं होतं.

कँटीनच्या मागच्या गल्लीत एक लॉन्ड्री होती. दवाखान्यांच्या चादरी धुणारी, डिझेलच्या बर्नरवर दिवसभर बॉयलर चालवणारी. लॉन्ड्रीवाली बाई इस्त्रीसारखीच कडक होती. ताई बाटलीत नमुना घेऊन गेली आणि किती स्वस्त पडेल ते सांगू लागली, तर बाईने तिला मध्येच तोडलं.

"स्वस्त मला नको. सारखं हवं. महिन्यात तीनदा भाव हलतो, दवाखान्यांना मी दर काय सांगू? वर्षभर एक आकडा देता?"

"देते."

"आणि गोठलं तर?"

ताईने बॉयलरच्या खोलीकडे बोट केलं. तिथे कामगार एवढ्या थंडीतही नुसत्या बनियनवर वावरत होते. "त्या खोलीत ठेवलं तर नाही गोठणार. बाहेर ठेवलंत तर गोठेल. लिहून देते."

ते तिने खरंच लिहून दिलं आणि खाली सही केली. आधी गॅरेजमधले सात डबे गेले. रविवारी धाकट्याने व्हॅनच्या सीटा काढल्या आणि ते लॉन्ड्रीत पोचवले. डबे बॉयलरपाशी ठेवल्यावर तासाभरात कडेकडेने पातळ होत गेले. बर्नर पेटल्यावर ताईने काच बसवलेल्या भोकातून ज्योत पाहिली, रंग वहीत लिहिला. परत येताना पुलाच्या चढावर धाकट्याने गिअर बदलला आणि म्हणाला, "त्या दिवशी इथेच."

"हं," ताई म्हणाली.

उन्हाळा लागला, पाटी पुन्हा चढू लागली आणि धाकटा शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. सिगारेट बाहेरच विझवून.

"दोन डबे मिळतील?"

ताईने वही बघितली. "लॉन्ड्रीचं भागून उरतील तेवढे. आणि थर्मामीटर विसाच्या वर असेल तोवरच."

"भाव?"

"लॉन्ड्रीला जो, तोच."

"सख्ख्या भावाला?"

"सख्खा आहेस म्हणून तर देते. त्या व्हॅनवाल्यांना परवा नाही म्हटलं." तिने दोन डब्यांवर खडूने आकडे घातले आणि ते पायाने त्याच्याकडे सरकवले. धाकट्याने दोन्ही हातांत एकेक डबा उचलला आणि पावणेतीनला सुटणारी शाळा गाठायची म्हणून घाईने निघून गेला.