एकशे बाराव्या पानानंतर

पुस्तकातून बाहेर डोकावणारी ती कापडाची पट्टी — करडी, एका कडेला दोरे सुटलेली, कुणाच्या तरी पॅन्टच्या कमरेतून उरलेली असणार — बरोबर मध्यावर होती. मध्यावर म्हणजे अगदी मध्यावर; एकतीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघरात बसून फाटकी पुस्तकं उसवायची आणि पुन्हा शिवायची, एवढंच जिने केलंय तिला ते मोजावं लागत नाही, डोळाच सांगतो. वहिनीच्या घरात पुस्तक. टेबलावर, चहाच्या ट्रेसाठी ठेवलेल्या जागेला खेटून, उघड्यावर. ती उभीच राहिली, पर्स खांद्याला तशीच. आठ महिन्यांत या टेबलावर कात्र्या, टाचण्यांचा डबा, विजेचं बिल, गिऱ्हाइकांचे अर्धे शिवलेले सदरे असं सगळं दिसलं होतं, पुस्तक तेवढं दिसलं नव्हतं.

"वन्सं, साखर एक की दीड?" वहिनीने आतून विचारलं. सव्वीस वर्षं ती हेच विचारते आहे, आणि सव्वीस वर्षं उत्तर एकच आहे.

"एक," ती म्हणाली आणि बसली.

रविवारी चारचा हा चहा दादाने सुरू केलेला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. नियमही त्याचेच: आठवड्याभरात जे आवडलं असेल ते प्रत्येकाने सांगायचं, पुस्तक म्हणा, सिनेमा म्हणा; 'बरं होतं' असं म्हणून सुटायचं नाही; आणि शेवट सांगायचा नाही. जो शेवट सांगेल त्याने कप विसळायचे. दादाने सांगितलेला सिनेमा मूळ सिनेमापेक्षा लांब व्हायचा, तो पात्रांसारखा चालून दाखवायचा, पावसाचा आवाजही तोंडाने काढायचा, आणि शेवट जवळ आला की त्याला राहवायचंच नाही — पोटात काही म्हणून ठरत नसे त्याच्या — तो बोलून मोकळा व्हायचा आणि मग मुकाट्याने तिन्ही कप उचलून सिंककडे जायचा. बहुतेक रविवारी कप त्यानेच विसळले. मग एका बुधवारी सकाळी, चपला घालता घालता, "अगं, माझी ती छत्री कुठे..." एवढं म्हणाला, आणि पुढे काही म्हणालाच नाही.

चहा मात्र दोघींनी सोडला नाही. वहिनी कप पुढे सरकवायची, म्हणायची, "मी काही वाचलं नाही हो. डोळे ओळीवरून फिरतात, आत काही उतरत नाही." मग ही आपली दोन-तीन गोष्टी गाठीला बांधून यायची, नापास होण्याच्या भीतीने पाठांतर करून आलेल्या पोरीसारखी, आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची. आज बसमध्येही तिने एक सिनेमा घोकला होता: दोघी बहिणींचं कपडे धुण्याचं दुकान, दोघींत अबोला, आणि एकमेकींना काय सांगायचं ते त्या गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांच्या खिशात चिठ्ठ्या टाकून सांगतात. चांगला होता. तासभर तरी पुरला असता.

वहिनी ट्रे घेऊन आली. तिसऱ्या खुर्चीवर इस्त्री केलेल्या कपड्यांची थप्पी होती, ती तिने जरा मागे सारली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आज मी आधी."

मी आधी! तिने कप उचलला नाही. देवा, एवढं साधं वाक्य ऐकायला आठ महिने लागले.

"ग्रंथालयात गेले होते, सहज," वहिनी सांगत होती. "आपण काय घ्यावं हेच विसरायला झालं होतं. मग म्हटलं, वन्संचा हात बघू. तुम्ही पाठीला वरच्या टोकाशी निळा दोरा घालता ना? तो दिसेल ते घ्यायचं. मी शिवणारी बाई, मला टाका ओळखता येतो. हे पहिलंच मिळालं."

आणि मग वहिनीने गोष्ट सांगायला घेतली, आधी अडखळत, हाताने टेबलावरचे अदृश्य दोरे वेचत, मग भरभर. पाण्याचे मीटर वाचणारा एक माणूस. घरोघरी जातो, आकडे टिपतो, आणि मीटरचे आकडे सांगता सांगता लोक त्याला आपल्या घरातलं काय काय सांगून टाकतात. आईच्या स्वयंपाकघरातली डगमगणारी फळी त्याला नीट करून द्यायची आहे, दर पानावर तो म्हणतो आज करतो, उद्या करतो. "यांच्यासारखाच की! आमची न्हाणीघराची कडी सहा वर्षं..." वहिनी हसली. खरंच हसली. ही ऐकत होती आणि आनंदाने तिला काय करावं ते कळत नव्हतं, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी ओळखीचं हलत होतं — हो, मीटरवाला, ते पुस्तक आपल्या हाताखालून गेलंय, साठाव्या पानावर पाण्याचा मोठा डाग, सत्त्याऐंशीचा कोपरा चिकटपट्टीने जोडलेला. तिला पुस्तकं गोष्टींनी आठवत नाहीत, डागांनी आठवतात.

"आणि मग तो एका घराच्या तळघराचा जिना उतरायला लागतो," वहिनी म्हणाली, "कठड्यावर हात ठेवतो, आणि... संपलं. वाक्यसुद्धा पुरं नाही. समोरच्या पानावर बघते तर एक बाई तराजूत खिळे मोजतेय. खिळ्यांचं, बिजागऱ्यांचं दुकान आहे तिचं. तो माणूस गेला तो गेलाच! त्याचं पुढे नावसुद्धा नाही."

खिळे. एकशे एकोणीस नंबरच्या पानावर कसरीने खाल्लेली तीन भोकं, अगदी खिळे मारल्यासारखी, म्हणून तर ती हसली होती आणि त्या पानावरच्या चार ओळी वाचल्या होत्या... पण ते पुस्तक वेगळं. ते दुसरं पुस्तक.

चहा तिने घोटभर घेतला. जीभ भाजली.

दादा गेल्यावर पाचव्या दिवशी ती कामावर गेली होती. सगळे म्हणाले जाऊ नकोस, ती म्हणाली हात रिकामे राहवत नाहीत. टेबलावर दोन कादंबऱ्या होत्या, एकाच छापखान्याच्या, एकाच आकाराच्या, कागद सारखाच पिवळा, दोन्हींचं पहिलं पान आणि कव्हर केव्हाच गेलेलं. तिने दोन्ही उसवल्या. सोळा पानांच्या घडीला फर्मा म्हणतात. प्रत्येकीचे चौदा फर्मे निघाले. एवढा गठ्ठा दाबाच्या यंत्रात एकदम बसत नाही, म्हणून अर्धे अर्धे करून दाबले. सात, सात, सात, सात. दुसऱ्या दिवशी काढले, जुळवले, शिवले. अंक पाहिले होते तिने — ते ती झोपेतसुद्धा पाहील — एकशे बारानंतर एकशे तेरा, दोन्हींत. अंक जुळले की पुस्तक जुळलं, हे तिचं एकतीस वर्षांचं शास्त्र. वाचून कोण बघतं? बाइंडर वाचायला बसला तर कपाटं रिकामी राहतील. डोळ्यांत तेल घालून काम करणारी म्हणून तिचा लौकिक, कुठल्याही पुस्तकाचं पान इकडचं तिकडे झालेलं नाही ही तिची एकुलती एक बढाई, आणि तिने चक्क दोन पुस्तकांची कमरेतून अदलाबदल करून टाकली होती.

म्हणजे वहिनीने वाचलं ते पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही. ते माझं आहे. माझी चूक आहे ती, पाठीला निळ्या दोऱ्याने शिवलेली.

"काय झालं? चहा कडक झालाय?" वहिनीने विचारलं.

"नाही, नाही. सांग तू."

"मी वाट पाहत होते हो," वहिनी म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "वीस-पंचवीस पानं. म्हटलं आता येईल तो, दुकानात खिळे घ्यायला येईल, फळीसाठी. दर गिऱ्हाइकाला वाटायचं हाच. लेखकाचा रागसुद्धा आला. मग त्या बाईच्या पोरीचं लग्न मोडतं, गोदामाला आग लागते, आणि मी त्यातच गुंतले. मंगळवारी शिवताना मनात आलं, आता ती बाई दुकान कसं उभं करणार... आणि मशीनवरचा माझा पाय थांबला. अगं बाई, म्हटलं, मी त्याची वाट बघायची थांबले की! केव्हा थांबले ते कळलंसुद्धा नाही." तिने पट्टीचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळला. "खूप रडले, वन्सं. इतकी तेव्हाही रडले नव्हते. मग तोंड धुतलं आणि पुढे वाचलं. काय लेखक असेल हो! कसलं स्पष्टीकरण नाही, समजूत घालणं नाही. माणूस अर्ध्या वाक्यातून जातो आणि पुढल्या पानावर कुणीतरी खिळे मोजत असतं. असंच असतं की. इतकं खरं मला या आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीसुद्धा."

सांगायला हवं होतं, ते उघड होतं. उद्या वहिनी त्या लेखकाची बाकीची पुस्तकं मागेल, शेजारच्या बाईला हे वाचायला देईल, कुणीतरी शहाणा म्हणेल, अहो, ही तर बांधणीतली चूक. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा... पण आत्ता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ज्याने तुला पहिल्यांदा धीर दिला तो लेखक नव्हता, एक भाऊ गेलेली बाई होती, जिला समोरचं दिसत नव्हतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणत होतं. आणि दुसरं म्हणत होतं, या टेबलावर आजवर कुणी खोटं बोललेलं नाही, दादा तर लपवायचं तेही लपवू शकला नाही. ती वहिनीच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. शिवणाऱ्या बाईचे डोळे. टाका ओळखणाऱ्या बाईला जोड ओळखू येणार नाही? की आलाय ओळखू, आणि ती गप्प आहे? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि मग, त्या सगळ्या गुंत्यातून, एक गोष्ट तिच्या लक्षात आली, इतकी साधी की ती तिला आधी का सुचली नाही याचंच तिला हसू आलं. सात आणि सात. मीटरवाल्याचे उरलेले सात फर्मे कुठे जाणार? ते दुसऱ्या पुस्तकात आहेत. ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, खिडकीखालच्या कपाटात, तसाच निळा दोरा घालून उभे आहेत. त्या पुस्तकात खिळेवाली बाई आधी आहे, तिचं दुकान, तिची पोर, आणि एकशे बाराव्या पानापाशी ती हातातलं काम टाकून नाहीशी होते, आणि एकशे तेराव्या पानावर...

"वहिनी," ती म्हणाली, "याला जोडपुस्तक आहे एक."

"आहे?"

"आहे. मीच बांधलंय. तेव्हाच, दादा गेला त्या आठवड्यात. दोन्ही टेबलावर एकदम होती." इथवर तरी अक्षर न् अक्षर खरं होतं. उरलेलं तिने मागे ठेवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

वहिनीने कप खाली ठेवला. अगदी अलगद, बशीचा आवाज होऊ न देता.

"त्यात तो आहे?"

शेवट सांगायचा नाही. पण हा शेवट आहे की मधलंच कुठलं तरी पान, हेच तिला ठरवता येईना, आणि दादाचं काय होत असेल ते तिला आज पहिल्यांदा कळलं — ते पोटात न ठरणं, समोरच्याचा चेहरा पाहून सगळं ओतून टाकावंसं वाटणं.

"आहे," ती म्हणाली. "जिन्यापासून पुढे."

वहिनीने दोरा बोटावरून सोडवला, पुन्हा गुंडाळला. पुन्हा वाट पाहायला लावली मी वहिनीला. कशीबशी सावरलेली बाई, आणि मी...

"फळी लावतो का?" वहिनीने विचारलं.

"कुणास ठाऊक. मी वाचलेलं नाही."

"तुम्ही कधी सबंध वाचलंयत काय एखादं पुस्तक? फाटलेलं तेवढं तुमचं!" वहिनी म्हणाली, आणि तिच्या तोंडावर ते जुनं, नणंदेला कोपरखळी मारणारं हसू आलं. "मला घाई नाही. आधी तुम्ही वाचा. पुढल्या रविवारी तुम्ही मला सांगा, नीट, पहिल्या पानापासून. यांच्यासारखं चालून दाखवलंत तरी चालेल." मग तिने दोन्ही कप एकात एक घालून हिच्यापुढे सरकवले. "आणि हे विसळा. तो आहे म्हणून सांगितलंत ना? नियम म्हणजे नियम."

आठ महिन्यांत कप विसळण्याची पाळी कुणावर आली नव्हती. ज्या चहात कुणाला काही सांगून टाकावंसं वाटत नाही, त्यात दंड कसला? कप आपले कुणीही, कसेही धुवून टाकायचं.

ती सिंकपाशी उभी राहिली. नळ पूर्ण सोडला नाही. सोमवारी ते दुसरं पुस्तक ती कपाटातून काढणार होती. मग काय करायचं, ते तिला ठरवता येत नव्हतं: सुरी लावून दोन्ही उसवायची, ज्याचं त्याला द्यायचं आणि वहिनीला सगळं सांगायचं, की आधी सांगायचं आणि मग दोघींनी मिळून ठरवायचं... सांगायचं होतं, हे नक्की. सांगायची भीती मघाशी कधीतरी, वहिनीचं वाट बघणं थांबलं तशी, नकळत थांबली होती. पण त्याच्याही आधी तिला एक वेगळीच घाई झाली होती, लहानपणी दादा गोष्ट अर्धी ठेवून पाणी प्यायला उठायचा तेव्हा व्हायची तशी. कठड्यावर हात ठेवून तो माणूस आठ महिने त्या जिन्यावर उभा आहे. खाली काय आहे?

मागे खुर्ची सरकली. पान उलटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. वहिनी पुन्हा पहिल्यापासून वाचत होती की मधूनच, ते तिने वळून पाहिलं नाही. तिने तोच कप दुसऱ्यांदा विसळायला घेतला.