सहामाहीचे आकडे

नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी सहामाहीच्या निकालाचा कागद तिसऱ्यांदा वाचला. गेल्या वर्षी सहावीत याच मुलांची गणिताची सरासरी एकाहत्तर होती. यंदा सातवीत ती अठ्ठेचाळीसवर आली होती. बाईंना येऊन जेमतेम पाच महिने झालेले. त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आज संस्थेच्या तीनच्या सभेत ठरणार होतं.

बरं, मुलं तीच, गणिताचे सरही तेच. बदलल्या होत्या फक्त बाई. आधीचे मुख्याध्यापक म्हणजे तोफ; पाठीमागे सगळे त्यांना हेच म्हणत. ज्याच्या वर्गाची सरासरी साठाच्या खाली, त्याला ते सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर तासभर उभं ठेवत. बाईंनी आल्या आल्या ते बंद केलं. खुर्च्या गोल मांडल्या आणि प्रत्येकाला विचारू लागल्या, "तुम्हाला काय वाटतं?" तेच अंगाशी आलं असावं. धाकाशिवाय माणसं कामच करत नाहीत की काय?

तेवढ्यात एक आई लेकीचा हात धरून आत आली.

"गेल्या वर्षी हिला अठ्ठ्याहत्तर होते. तुम्ही आलात आणि पोरगी ढ झाली!"

लेक खाली मान घालून उभी. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं, गणिताच्या सरांना बोलावलं आणि कपाटातून मुलीच्या दोन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिका काढायला लावल्या.

पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या आणि बाई चक्रावल्याच. अपूर्णांकांची बेरीज दोन्हीकडे सारखीच चुकली होती. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. गेल्या वर्षी त्यावर बरोबरची खूण होती, यंदा फुली.

"सर, हे काय?"

"बाई, पन्नाशीच्या माणसानं पोरासारखं किती वेळा उभं राहायचं? सगळेच सैल हातानं तपासायचो. यंदा म्हटलं, बाई ओरडत नाहीत. आहे तसं लिहू."

बाईंना हसावं की रडावं कळेना. म्हणजे शाळा बिघडली की सुधारली? आणि हे सभेत सांगावं, तर विश्वासानं खरं बोललेल्या माणसाचीच नोकरी जाणार. विचार करता करता तीन वाजले.

"निकाल का घसरला?" संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी उत्तरपत्रिका फाइलीतच ठेवल्या. "माझं लक्ष कमी पडलं."

"वार्षिकला आकडे वर आले पाहिजेत. सहा महिने देतो, मग बघू."

"येतील," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांचं त्यांनाच उमगलं नाही.

बाहेर गणिताचे सर वाट पाहत होते. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आमच्यासाठी सगळं स्वतःवर घेतलंत, बाई. तुम्हाला आम्ही जाऊ देणार नाही. वार्षिकची काळजी सोडा. सरासरी सत्तरच्या खाली येणार नाही, माझा शब्द."

"अहो सर, पण..." बाई म्हणाल्या.

सर हात जोडून केव्हाच वळले होते. बाकावर आईशेजारी ती मुलगी अजून बसली होती. तिच्याजवळ थांबून त्यांनी तिच्या डोक्यावर मायेनं हात ठेवला.

"घाबरू नकोस बाळ," ते म्हणाले. "आता तुला भरपूर मार्क पडतील."